फाशीचा ठराव

फाशीशिवाय धुडकूअप्पांना गेला आठवडाभर दुसरं काही सुचत नव्हतं. दाढी करताना फाशी, ओट्यावर चहा पिताना फाशी, आणि दूधवाला उशिरा आला तर त्याच्याकडेही ते अशा नजरेनं पाहायचे की बिचारा पिशवी ठेवून न बोलता सटकायचा. रविवारी सकाळी तर ते कपाटाच्या आरशासमोर उभे राहून अख्खं भाषणच म्हणू लागले.

"बंधू आणि भगिनींनो! नशेचा माल जो विकेल, जो बाळगेल, जो नेईल-आणेल आणि जो कुणाला देईल, त्या प्रत्येकाला फाशी झालीच पाहिजे, असा ठराव मी आपल्यापुढे मांडत आहे!"

संध्याकाळी पाचला नवागामच्या वाडीत, म्हणजे लग्नकार्याच्या हॉलात, खानदेश मंडळाची सभा होती आणि अप्पा मंडळाचे अध्यक्ष होते. घरात ते अहिराणी बोलत, जन्मभर मिलमध्ये शेठशी गुजराती बोलत आले. पण माणसाला फासावर चढवायचं तर ते पुस्तकी मराठीतच चढवलं पाहिजे, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

रागाला कारण नव्हतं असं मुळीच नाही. गल्लीतल्या निंबा टेलरचा मुलगा अक्षय पावडरच्या नादी लागला, आईचं मंगळसूत्र विकून बसला, आणि पावसाळा संपता संपता एका दुपारी रेल्वेच्या पुलाखाली तोंडाला फेस येऊन पडलेला सापडला. त्याला रिक्षात घालून, मांडीवर डोकं घेऊन दवाखान्यात नेलं ते अप्पांनीच. पोरगा वाचला, आता सुधार केंद्रात होता. पण त्या दुपारपासून अप्पांच्या डोक्यात जे बसलं होतं ते निघत नव्हतं.

आतल्या खोलीत गॅसवर वांगी भाजता भाजता जयश्री हे भाषण ऐकत होती. ती अप्पांची धाकटी सून, गोपालची बायको. तिचं माहेर बमरोलीचं. तिचा भाऊ प्रवीण बमरोली ते पांडेसरा रिक्षा चालवायचा, आणि दिवाळीपासून तो जेलमध्ये होता, कारण त्याच्या रिक्षात गांजाची पिशवी सापडली होती.

घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. प्रवीण सिल्वासाला कामाला गेलाय, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण सगळे ते मनापासून पाळत होते. अप्पासुद्धा मधूनमधून विचारायचे, "सिल्वासामा थंडी कितली शे?" आणि जयश्री मान खाली घालून सांगायची, "बरी आहे, अप्पा."

गुरुवारी कोर्टानं प्रवीणला जामीन मंजूर केला. पण जामीन राहायला स्वतःच्या नावावर घर असलेला माणूस हवा. जयश्रीचे वडील गेलेले, आई भाड्याच्या खोलीत. दोन्हीकडच्या नात्यागोत्यात ज्याची घरपट्टी स्वतःच्या नावावर येते असा एकच माणूस होता, आणि तो आत्ता आरशासमोर "नेईल-आणेल" म्हणताना कोणता हात उचलावा याचा सराव करत होता.

"आज नको विचारू," गोपाल लसूण सोलता सोलता कुजबुजला.

"मग कधी? फाशी झाल्यावर?"

"अगं, सभा तर होऊन जाऊ दे. मी आहे ना तुझ्या मागे."

लग्न झाल्यापासून गोपाल तिच्या मागेच होता. पुढे आलेला तिनं अजून एकदाही पाहिला नव्हता.

जयश्रीनं मात्र आजचाच बेत पक्का केला होता. भरीत पुढ्यात असलं की अप्पा जगात कुणालाही माफ करतात, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. त्यातून ही वांगी गावाकडची. मंडळाचे सेक्रेटरी रामदासकाका काल पॅसेंजरनं आले, तेव्हा त्यांच्याबरोबर गल्लीतल्या निम्म्या घरांच्या पिशव्या आल्या. नवागामची ही रीतच होती. गावी जो जाईल-येईल त्यानं सगळ्यांचं सामान न्यायचं-आणायचं: पापड, कुरडया, उडदाची डाळ, कुणाचं औषध, कुणाच्या नवसाचा नारळ. भाडं मागायचं नाही आणि दुसऱ्याची पिशवी उघडून बघायची नाही. उघडणं म्हणजे देणाऱ्याला तोंडावर चोर म्हणणं. अप्पांनी हे काम चाळीस वर्षं केलं होतं, आणि "धुडकूअप्पानं कुणाची पुडी कधी उघडली नाही" एवढ्या एका गोष्टीवर ते अध्यक्ष झाले होते. भाषणात ती गोष्ट दोनदा येत होती.

बाराच्या सुमाराला अप्पांचा थोरला मुलगा चेतन वरच्या मजल्यावरून खाली आला, मागून त्याची मुलगी शीतल. चेतन साड्यांच्या फोल्डिंगची कामं घ्यायचा आणि उरलेल्या वेळात महापालिकेच्या तिकिटाची वाट बघायचा. शीतल वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि घरातल्या प्रत्येक वाक्याला कायद्याचं काहीतरी चिकटवल्याशिवाय तिला जेवण जात नव्हतं. चेतनची बायको छाया माहेरी गेली होती, आणि तिचं नशीब चांगलं म्हणायचं.

पाट मांडले, ताटं झाली. अप्पांची बायको प्रमिलाबाई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशीच, पण त्या अजून चूलच म्हणत, कळण्याच्या भाकरी थापत बसल्या. अप्पांनी भरताचा पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि जयश्रीनं पदर सावरला. तेवढ्यात चेतन बोलला.

"अप्पा, नुसती फाशी नको. जाहीर फाशी म्हणा. चौकात. पेपरात फोटो येतो."

"कुठल्या चौकात, पप्पा?" शीतल म्हणाली. "आपल्या चौकात पाणीपुरीची लारी आहे. तो हलणार नाही."

"तुला मस्करी सुचते?"

"मस्करी नाही. फाशी कायद्यात आहेच. मोठ्या मालात एकदा शिक्षा झालेला माणूस परत तसाच सापडला, तर जज फाशी देऊ शकतो. देऊ शकतो. द्यायलाच पाहिजे, असं नाही."

"द्यालेच पाहिजे, असं करा!" अप्पा भाकरीचा तुकडा उंचावून म्हणाले. "मन्हं भाषन दुसरं काय शे?"

"पण अप्पा, पकडला कोण जातो ते बघा ना. ज्याचा माल असतो तो बंगल्यात बसलेला असतो. पोलिसांना सापडतो कोण? एखादा रिक्षा..."

शीतलनं जीभ चावली. पण शब्द निघून गेला होता. सगळ्यांनी एकदम आपापल्या ताटाकडे पाहिलं, जसं काही भरतात पहिल्यांदाच वांगं दिसत होतं. गोपाल तर इतका वाकला की त्याचं नाक ठेच्यात जायचं बाकी राहिलं.

आता नाही तर कधीच नाही, असं जयश्रीला वाटलं. तिनं भाकरीची टोपली खाली ठेवली.

"अप्पा, प्रवीण सिल्वासाला नाही."

"जयश्री, आत्ता नको," चेतन दात आवळून म्हणाला.

"तो जेलमध्ये आहे. गुरुवारी जामीन झाला. जामीनदार पाहिजे, घरवाला. तुम्ही राहा. दुसरं कुणी नाही आम्हाला."

गोपालनं पाणी प्यायला तांब्या उचलला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

अप्पांनी घास तसाच ताटात ठेवला. जयश्रीकडे न बघता ते भिंतीला म्हणाले, "पाच वाजता मी लोकेसले काय सांगसू? आनि सकायले कोर्टमा जाईसन त्याच मानूसनाकरता सही करसू?"

"त्यानं काही केलं नाही हो, अप्पा. ओळखीतला माणूस होता. म्हणाला, पांडेसऱ्याकडे चाललास तर ही पिशवी मिलच्या गेटवर देऊन टाक. यानं सीटखाली ठेवली. पोलिसांनी विचारलं, भाडं किती घेतलं? हा म्हणाला, काहीच नाही, ओळखीच्याकडून भाडं कसं घ्यायचं? तिथंच फसला तो. फुकट कोण नेतं, म्हणाले."

"बरोबर आहे. फुकट कोण नेतं?" चेतन म्हणाला आणि गावाहून फुकट आलेल्या वांग्यांचं भरीत त्यानं आणखी वाढून घेतलं.

"आनि उघडीसन देखाले काय व्हयनं व्हतं?" अप्पांचा आवाज चढला. "आंधया व्हता का तो?"

याचं उत्तर जयश्रीपाशी होतं, पण सासऱ्याला ते तोंडावर कसं सांगायचं, हे तिला कळेना. ती गप्प राहिली. अप्पांनी ते गप्प राहणं म्हणजे आपला विजय धरला. विजय झाला की ते आपोआप पुस्तकी मराठीत जायचे.

"आम्हीही मुलं वाढवली! खोली दहा बाय दहाची, पाळीमागून पाळी. यांची आई रात्रपाळीला लूमवर कांड्या भरायला जात असे आणि हा चेतन, हा गोपाल, तिथेच कोपऱ्यात गोधडीवर. पण कधी रडली का माझी मुलं? सांगा! सकाळपर्यंत चिडीचूप! याला म्हणतात संस्कार!"

हे सगळं भाषणात होतं. इथे टाळ्या येतील, असं अप्पांनी धरलं होतं. टाळ्यांऐवजी भाकरी थापण्याचा आवाज तेवढा आला, आणि मग तोही थांबला.

"रडतीन कशा?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "मी गोयी देऊ ना त्यासले."

"कसानी गोयी?"

"अफूनी. आखो कसानी? लिमलेटनी?"

ताटांवरचे सगळे हात जागच्या जागी थांबले. प्रमिलाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, आणि मगच पुढे बोलल्या. राईच्या दाण्याएवढी गोळी, दुधात कालवून, संध्याकाळी. सगळ्याच बाया देत. पोर रडलं की मुकादम आईला घरी पाठवायचा, आणि घरी पाठवलं की चूल पेटायची नाही. संस्कार-बिंस्कार त्यांनी काही घातलेले नव्हते, त्याला वेळच नव्हता.

"आते तुम्ही म्हनतस, जो देई त्याले फाशी," त्या म्हणाल्या. "मंग मी नवी साडी नेसस. सभामाच लटकाडा. दुसरीकडे कोठे जातस?"

"म्हणजे मी अफूवर वाढलो?" चेतननं छातीला हात लावला. तिकीट देणाऱ्यांना हे कळलं तर काय, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होता.

"आई, मला किती वर्षं दिली?" गोपालनं भीत भीत विचारलं.

"तुले जरा जास्तीच दिन्ही."

जयश्रीनं नवऱ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून तिला पडलेलं एक कोडं सुटलं होतं.

अप्पा मात्र पेटले होते. "मन्हा घरमा अफू? मले न इचारता? लई कोन ये?"

प्रमिलाबाई पहिल्यांदाच वळून नवऱ्याकडे बघून बोलल्या. "तुम्हीच."

"मी?"

"मंग कोन? गावथीन सासूबाई पुडी देत. फडकामा बांधेल. तुम्ही खिसामा घालीसन लई येत आनि मन्हा हातमा देत."

"ती त बायघुटी व्हती! मायनी सांगं, पोऱ्यासनं औषध शे!"

"उघडीसन देखी का कधी?"

"दुसरानी पुडी मी कशी उघडू?" अप्पा ओरडले.

ओरडले आणि थांबले. आपण आत्ता काय बोललो ते त्यांच्याच कानांवर जरा उशिरा पोचलं. जयश्रीनं नजर वर केली नाही. तिला जिंकल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. म्हातारा माणूस भरल्या ताटावर असा अवघडून बसलेला तिला बघवेना.

पण शीतल वकिलीला होती, तिला थांबणं कुठून माहीत? "आणि एकदा नाही, अप्पा. दर खेपेला. म्हणजे रिपीट ऑफेंडर. भाडं किती घेतलं होतं?"

"शीतल!" चेतन गरजला.

"का, पप्पा? तुम्ही महाशिवरात्रीला अख्ख्या मंडळाला भांग पाजता ते सांगू? घाबरू नका, पानांची भांग त्या कायद्यात येत नाही. पण अप्पांच्या ठरावात येते. नुसतं 'नशेचा माल' लिहिलंय. आणि गोपालकाका हद्दीपलीकडून, नवापूरहून, येताना बॅगेत कसल्या बाटल्या आणतात..."

"मी फक्त दोस्तांसाठी," गोपाल म्हणाला, आणि हे म्हणायला नको होतं हे त्याला म्हटल्यावर कळलं.

"घरमा आते फाशीतून कोन उरनं?" प्रमिलाबाईंनी शांतपणे विचारलं. मग आठवल्यासारखं म्हणाल्या, "आनि आपलाच घरमा नही. मायनी पुड्या तुम्ही सगळी चाळले वाटेल शेत. रामदासनी मायले. निंबानी मायले."

"निंबाले?" अप्पांनी विचारलं. हा आवाज भाषणातला नव्हता.

"त्याले बी. लई रडका व्हता तो."

अप्पा उठले. हात धुतले, टोपी घातली, चपला शोधल्या आणि सभेला चांगले चार तास असताना घराबाहेर पडले. ताटात अर्ध्याहून जास्त भरीत तसंच होतं. या घरात असं फक्त एकदा झालं होतं, अप्पांची आई वारल्याची तार आली त्या दिवशी.

जयश्री भिंतीला टेकून खाली बसली. "माझ्यामुळे झालं सगळं," ती म्हणाली. "आता ते कधीच सही करणार नाहीत. प्रवीण तिथंच राहील."

प्रमिलाबाईंनी तिच्या ताटात गरम भाकरी टाकली. "तू जेव. त्यासले बसीसन काही समजत नही. चाली चालीसन समजस."

वाडीत पाच वाजता पाय ठेवायला जागा नव्हती. उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, जवळ आलेली, बाहेर रस्त्यावर मांजा रंगवणाऱ्यांनी दोऱ्या ताणलेल्या, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाच्या बाहीला गुलाबी रंग लागला होता. पहिल्या रांगेत निंबा टेलर आणि त्याची बायको तारा. चेतननं पेपरचा फोटोग्राफर आणून उभा केला होता. बायकांच्या बाजूला प्रमिलाबाई खरोखरच नवी साडी नेसून आल्या होत्या, आणि हे अप्पांनी स्टेजवरून बघितलंय हे जयश्रीच्या लक्षात आलं.

रामदासकाकांनी ठराव वाचला. विकेल, बाळगेल, नेईल-आणेल, देईल. टाळ्या पडल्या. अप्पा माइकपाशी आले.

"बंधू आणि भगिनींनो," ते म्हणाले. मग त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं, मग पहिल्या रांगेकडे पाहिलं. फोटोग्राफरनं त्या काळात तीन फोटो काढले.

"रामदास, 'नेईल-आणेल' काढ त्यातून."

"का?" रामदासकाका दचकले.

"काल तू माझ्या घरी पिशवी आणली. तिच्यात काय होतं?"

"मला काय माहीत? पिशवी तुमची. वांगी असतील."

"नक्की?"

रामदासकाकांचा चेहरा उतरला. त्यांनी माइकवर हात ठेवला, पण तो नीट झाकला गेला नाही, आणि अख्ख्या वाडीला ऐकू आलं, "अप्पा, वांगी नव्हती का?"

हसण्याचा मोठा लोट उठला. अप्पा हसले नाहीत. "वांगीच होती," ते म्हणाले. "पण तुला माहीत नव्हतं. तू शपथ घेऊ शकला नसता. मीही नाही. चाळीस वर्षं मी तुमच्या पुड्या आणल्या, आणि आज मला सांगता येणार नाही की मी तुमच्या घरात काय काय आणून दिलं."

हसू थांबलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून निंबा उभा राहिला, आणि सगळी वाडी त्याच्याकडे वळली, कारण आज बोलायचा खरा हक्क कुणाचा असेल तर त्याचा होता. अप्पांनी टेबलाची कड धरली.

"अप्पा, 'देईल' पण काढा," निंबा म्हणाला.

"निंबा?"

"माझ्या अक्षयनं दोन पोरांना दिली होती. त्याला कुणीतरी दिली, मग त्यानं पुढे दिली. मी आज हात वर करायलाच आलो होतो. दाराबाहेर पडताना हिनं विचारलं, हात कुणासाठी वर करणार? तेव्हापासून मला काही सुचत नाही." तो खाली बसला. ताराबाईंनी पदर तोंडाला लावला.

अप्पांनी टेबलाची कड सोडली नाही. ते निंबाकडे पाहत राहिले, आणि त्यांना काहीतरी सांगायचं होतं हे जयश्रीला लांबूनही दिसलं. पण ते सांगणं वाडीभर लोकांपुढचं नव्हतं.

मग जो गोंधळ सुरू झाला तो आवरेना. बायकांच्या बाजूनं "बाळगी बी काढा" असा आवाज आला. तो कुणाचा होता ते जयश्रीला माहीत होतं, कारण सासूबाई तिच्या शेजारीच बसल्या होत्या. चेतन उभा राहून ओरडला, "मग उरलं काय?" कुणी म्हणालं, "विकेल उरलं ना, त्याला तर लटकवा!" दुसरा म्हणाला, "विकणारा मोठा असला तर लटकणार का? त्याचा वकील सोडवेल, त्याचा नोकर लटकेल." तिसरा म्हणाला की त्याच्या गल्लीत विकणारे उघड उभे असतात आणि तुम्ही इथे शब्द कसले काढताय. त्याचंही खरंच होतं. मंडळाचे दोन गट पडले, चहा आला, चहात साखर कमी यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, आणि ठराव पुढच्या सभेवर गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला नाही.

सभेनंतर अप्पा निंबाच्या खांद्यावर हात ठेवून लांब रस्त्यानं चालत गेले. काय बोलले ते कुणाला कळलं नाही. घरी आले, गुपचूप जेवले आणि झोपले. जयश्रीशी एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी ते शब्द काढले ते स्वतःसाठी की प्रवीणसाठी, याचा विचार करत ती रात्रभर जागीच राहिली, आणि सकाळी उठली तेव्हा तिनं आशा जवळजवळ सोडून दिली होती.

ओट्यावर अप्पा इस्त्रीचा सदरा घालून, हातात घरपट्टीची पावती घेऊन गोपालवर खेकसत होते. "कोर्ट तुन्हाकरता थांबी का? चाल लवकर! शीतलले उठाड, काय काय कागद लागतस ते इचार."

कोर्टात दुपारपर्यंत बाकावर बसून त्यांचा नंबर आला. कारकून गुजराती, चष्मा कपाळावर, कंटाळलेला. त्यानं पावती बघितली, घराचा पत्ता विचारला, वय विचारलं. मग मान वर न करता म्हणाला, "आरोपी साथे शुं संबंध?"

हे विचारतात, असं शीतलनं सांगितलं होतं. सुनेचा भाऊ, एवढंच म्हणायचं, हे जयश्रीनं रिक्षात अप्पांकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं.

"मारो छोकरो छे," अप्पा म्हणाले.

कारकुनानं एका कागदावरून दुसऱ्या कागदावर बोट फिरवलं. "काका, अटक तो जुदी छे." आडनाव तर वेगळं आहे.

जयश्री घाईघाईनं पुढे झाली आणि म्हणाली की सुनेचा भाऊ लिहा, साहेब, ते वयस्कर आहेत, त्यांचं चुकलं. आता काय लिहू, अशा नजरेनं कारकुनानं अप्पांकडे पाहिलं.

"तारे जे लखवुं होय ते लख, भाई," अप्पा म्हणाले. "तें पूछ्युं, एटले में कह्युं."

दिवाळीपासून सासरच्या कुणासमोर जयश्री रडली नव्हती. आता ती त्या गर्दीत, कारकुनाच्या टेबलाला धरून, लहान मुलीसारखी रडली, आणि अप्पा चष्मा लावून सही करायची जागा शोधत राहिले.